नाव सांगावे, क्रमांक जपावा

दौलताबादचा किल्ला तुमच्यापैकी पुष्कळांनी शाळेच्या सहलीत पाहिला असेल. या किल्ल्यावर एक प्रचंड तोफ आहे. तिच्या मागच्या टोकाला मेंढ्याचे डोके घडवलेले असल्यामुळे लोक तिला मेंढा तोफ म्हणतात. तोफेवरील लेखात मात्र तिचे नाव किलाशिकन, म्हणजे किल्ला फोडणारी, असे आहे. आता समजा, दोन विद्यार्थ्यांनी किल्ल्यावरील वस्तूंची स्वतंत्र यादी केली. एकाने ‘मेंढा तोफ’ असे लिहिले आणि दुसऱ्याने ‘किलाशिकन’. दोन्ही याद्या एकत्र केल्या की किल्ल्यावर एक तोफ वाढते! गुरुजींच्या नजरेस ही गोष्ट आली तर ते हसतील आणि एक ओळ खोडून टाकतील. संगणकाला मात्र ती ओळ खोडता येत नाही. त्याच्या लेखी दोन नावे म्हणजे दोन वस्तू आणि एक नाव म्हणजे एकच वस्तू.

या एका साध्या गोष्टीमुळे आज कितीतरी माहिती हरवते. ती जळत नाही किंवा चोरीलाही जात नाही. ती जागेवरच असते, पण सापडत नाही. असे का होते आणि त्यावर शाळेने काय करावे, याविषयी माझे मत या लेखात मांडतो.

माहिती घर बदलते तेव्हा

शाळेतील निकाल, दाखल्यांच्या नोंदी, सहलीची छायाचित्रे, विज्ञान प्रदर्शनाचे अहवाल हे सारे आता संगणकावर असते. यंत्र कधीतरी बिघडणारच, म्हणून शहाणी माणसे या माहितीची दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवतात. या प्रतीला बॅकअप म्हणतात. जो संगणक एकाच वेळी अनेकांना माहिती पुरवतो त्याला सर्व्हर म्हणतात. सर्व्हर जुना झाला की त्यावरील बॅकअप नव्या सर्व्हरवर न्यावा लागतो. घर बदलताना सामान हलवावे तसाच हा प्रकार आहे.

या स्थलांतरात फाईलमधला मजकूर बहुधा अक्षरशः तसाच पोहोचतो. बदलते ते नाव. याचे कारण समजण्यासारखे आहे. फाईलचे नाव फाईलच्या पोटात लिहिलेले नसते. ते त्या यंत्राच्या सूचीत लिहिलेले असते, जसे चाळीतल्या बिऱ्हाडकरूचे नाव दारावरच्या पाटीवर असते. बिऱ्हाड हलले की नव्या चाळीत नवी पाटी लागते, आणि ती पाटी त्या चाळीच्या नियमाप्रमाणे लिहिली जाते. प्रत्येक संगणक-व्यवस्थेचे नावांविषयीचे नियम वेगळे असतात. त्यांतून काय काय गमती, किंवा खरे तर आपत्ती, घडतात त्याची तीन उदाहरणे पाहू.

दौलत एक आणि दौलत दोन

जुन्या डॉस प्रणालीत फाईलच्या नावाला आठ अक्षरे आणि प्रकार सांगणाऱ्या शेपटाला तीन अक्षरे एवढीच जागा होती. १९९५ साली विंडोज ९५ आले आणि लांब नावे चालू लागली. परंतु जुने कार्यक्रम बंद पडू नयेत म्हणून यंत्र प्रत्येक लांब नावासोबत एक आखूड नावही स्वतःच तयार करीत असे. पहिली सहा अक्षरे घ्यायची, पुढे एक नागमोडी खूण काढायची आणि शेवटी अनुक्रमांक लिहायचा, अशी ती रीत होती.

आता इंग्रजी लिपीत ‘दौलताबाद’ लिहून पहिली सहा अक्षरे मोजून पाहा. नेमका ‘दौलत’ एवढाच शब्द उरतो. समजा, प्रथम ‘दौलताबाद मेंढा तोफ’ ही फाईल तयार झाली आणि नंतर ‘दौलताबाद चांदमिनार’ ही. त्यांची आखूड नावे अनुक्रमे ‘दौलत~१’ आणि ‘दौलत~२’ अशी झाली. पुढे हा सगळा संग्रह दुसऱ्या यंत्रावर नेला. नकलण्याचे काम तेथे इंग्रजी अकारविल्हे झाले, म्हणून चांदमिनार आधी पोहोचला. पहिल्या येणाऱ्याला पहिला क्रमांक! आता ‘दौलत~१’ म्हणजे चांदमिनार आणि ‘दौलत~२’ म्हणजे तोफ.

जो जुना कार्यक्रम आखूड नावानेच फाईल मागतो, तो ‘दौलत~१’ मागेल आणि त्याला फाईल मिळेलही. फक्त ती चुकीची असेल. येथे धोका कुठे आहे ते नीट लक्षात घ्या. फाईल मिळालीच नसती तर कोणीतरी तक्रार केली असती. चुकीची मिळाली, म्हणून कोणालाच संशय आला नाही. विज्ञानात मोजमाप न मिळण्यापेक्षा चुकीचे मोजमाप मिळणे जास्त वाईट असते. येथेही तेच खरे.

तीन तऱ्हेच्या पायऱ्या

दुसरे उदाहरण आपल्या मराठीचेच आहे. संगणकाला अक्षरे कळत नाहीत, फक्त आकडे कळतात. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो. जगातील सर्व लिप्यांसाठी असे क्रमांक ठरवणाऱ्या पद्धतीला युनिकोड म्हणतात. तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तीत ‘र’चा क्रमांक २३५२ आहे आणि ‘ऱ’चा २३५३. अक्षराखाली द्यायच्या टिंबाला, म्हणजे नुक्त्याला, २३६४ हा क्रमांक आहे आणि पाय मोडण्याच्या खुणेला २३८१.

आता ‘पायऱ्या’ हा शब्द घ्या. यातला ‘ऱ्या’ लिहिण्याच्या निदान तीन वाटा आहेत. पहिली, २३५३ हा ‘ऱ’ घेऊन त्याचा पाय मोडणे. दुसरी, साधा ‘र’ २३५२ घेऊन त्याला २३६४ हे टिंब देणे आणि मग पाय मोडणे. तिसरी, साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे ८२०५ क्रमांकाचे एक न दिसणारे जोडचिन्ह ठेवणे. पडद्यावर तिन्ही ‘पायऱ्या’ अगदी सारख्या दिसतात. भिंग लावूनही फरक कळणार नाही. आत मात्र आकड्यांच्या तीन वेगवेगळ्या ओळी असतात.

१९९८ पासून सुमारे वीस वर्षे अॅपलच्या मॅकिन्टॉश संगणकांवर जी फाईल-व्यवस्था मुख्यतः चालत होती, ती पहिल्या वाटेने लिहिलेले नाव स्वतःहून दुसऱ्या वाटेने लिहून ठेवीत असे. म्हणजे ‘ऱ’ची फोड ‘र’ आणि टिंब अशी होई. बहुतेक सर्व्हर ज्या लिनक्स प्रणालीवर चालतात ती मात्र नावाचे आकडे जसेच्या तसे ठेवते आणि जसेच्या तसेच ताडून पाहते. तेव्हा ‘पायऱ्या’ ही एकच फाईल एकदा मॅकिन्टॉशवरून आणि एकदा दुसऱ्या यंत्रावरून सर्व्हरवर पाठवली तर तेथे दोन ‘पायऱ्या’ तयार होऊ शकतात. मग जागा वाचवण्यासाठी कोणीतरी त्यांतली एक पुसून टाकतो. पुसलेली प्रत जुनी होती की नवी, हे पाहायला कोणी नसते.

पहिल्या दोन वाटा एकच मानाव्यात असा युनिकोडचा नियम आहे आणि तो पाळणारा कार्यक्रम त्यांतला घोळ मिटवू शकतो. तिसरी वाट मात्र त्या नियमात बसत नाही. किल्ल्याच्या पायऱ्यांचे एखादे छायाचित्र हरवले तर फार बिघडत नाही असे तुम्ही म्हणाल. पण कऱ्हाडकर किंवा गोऱ्हे आडनावाचा विद्यार्थी दहा वर्षांनी दाखल्याची नक्कल मागायला आला, लेखनिकाने नाव टाकले आणि पडद्यावर ‘नोंद नाही’ असे उत्तर आले, तर? नोंद आहे, विद्यार्थी समोर उभा आहे, फक्त दोघांची गाठ पडत नाही.

आखूड कोनाडा

तिसरे उदाहरण लांबीचे. विंडोजच्या प्रचलित व्यवस्थेत फाईलच्या नावाला २५५ चिन्हे चालतात. लिनक्सच्या नेहमीच्या व्यवस्थेतही मर्यादा २५५ चीच आहे, पण ती चिन्हांची नसून बाइटांची आहे. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रा आणि पायमोडीसुद्धा, सर्व्हरवर वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत तीन बाइट लागतात. म्हणजे ‘दौलताबाद’ या नावात आठ चिन्हे आणि २४ बाइट होतात.

‘इयत्ता दहावीच्या विद्यार्थ्यांनी दौलताबाद किल्ल्यावर काढलेल्या छायाचित्रांची व नकाशांची सविस्तर सूची’ हे नाव घ्या. यात देवनागरीची ९० चिन्हे आहेत आणि मधे १० रिकाम्या जागा आहेत. रिकाम्या जागेला एकच बाइट लागतो. एकूण २८० बाइट झाले. हे नाव विंडोजवर सुखाने नांदेल, पण लिनक्सच्या सर्व्हरवर मावणार नाही. तेथे नकलणारा कार्यक्रम एकतर ते नाव कापेल, नाहीतर ती फाईल सोडून देऊन पुढे जाईल. शंभर फाईलींत एक राहिली तर कोण मोजतो? वाचकहो, चिन्हे तुम्हीही मोजून पाहा. व्यायाम चांगला आहे.

गावाचे नाव आणि गावाचा क्रमांक

नाव आणि ओळख यांची ही फारकत संगणकाने निर्माण केलेली नाही. दौलताबादचाच इतिहास पाहा. यादवांच्या राजधानीचे नाव देवगिरी. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी येथे हलवली आणि गावाला दौलताबाद हे नाव दिले. डोंगर तोच, तट तोच, खंदकही तोच, पण नावाची पाटी नवी. शेजारच्या शहराची कथा याहून लांब आहे. मलिक अंबरने १६१० साली खडकी वसवली. त्याच्या मुलाने १६२६ साली तिला फतेहनगर म्हटले. १६५३ पासून ते औरंगाबाद झाले आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आहे. शिवाय बिहारमध्येही एक औरंगाबाद आहे, आणि दौलताबाद नावाची गावे हरियाणात गुरुग्रामजवळ, इराणात आणि अफगाणिस्तानातही आहेत. म्हणजे एका जागेला अनेक नावे आणि एका नावाच्या अनेक जागा, असे दोन्ही प्रकार आपल्या दारातच आहेत.

कोणते नाव असावे हा प्रश्न इतिहासाचा आणि लोकांच्या भावनेचा आहे. तो येथे सोडवायचा नाही. मला फक्त दोन प्रकारच्या खुणांची तुलना करायची आहे. या शहराच्या रेल्वे स्थानकाचा संकेत पूर्वी ‘एडब्ल्यूबी’ असा होता. ती अक्षरे जुन्या नावातून घेतलेली होती. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये स्थानकाचे नाव बदलले, तेव्हा संकेतही बदलून ‘सीपीएसएन’ करावा लागला. ज्या ज्या नोंदीत जुना संकेत होता, त्या प्रत्येक नोंदीला आता जुन्या-नव्याचा मेळ सांगणारी यादी हवी.

याउलट टपालाचा पिनकोड पाहा. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो देशात सुरू झाला. त्याची आखणी टपाल खात्यातील श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. ते आपल्या महाराष्ट्राचे आणि संस्कृतचे पंडित होते. एकसारख्या नावांची गावे, पत्त्यांच्या अनेक भाषा आणि न लागणारी अक्षरे यांतून पत्रांची वाट काढण्यासाठी ही सहा आकड्यांची युक्ती निघाली. छत्रपती संभाजीनगर शहराच्या ४३१००१ या पिनकोडात शहराच्या नावाचे एकही अक्षर नाही. म्हणून नाव बदलले तरी पिनकोडाला धक्का लागला नाही. मुंबईच्या विमानतळाचा ‘बीओएम’ हा संकेत तर शहराचे अधिकृत नाव १९९५ साली बदलल्यानंतरही तसाच ठेवला गेला, कारण तो बदलण्याचा खर्च आणि गोंधळ फार मोठा झाला असता.

रसायनशास्त्रातही असेच एक भांडण झाले होते. एका धातूला अमेरिकेतले शास्त्रज्ञ कोलंबियम म्हणत आणि युरोपातले नायोबियम. १९५० च्या सुमारास नायोबियम हे नाव आंतरराष्ट्रीय पातळीवर स्वीकारले गेले. परंतु त्याआधीही कोणत्या मूलद्रव्याविषयी बोलणे चालले आहे याबद्दल शंका नव्हती, कारण त्याचा अणुक्रमांक ४१ हा दोन्हीकडे एकच होता. मोस्लेच्या १९१३ च्या प्रयोगांनी अणुक्रमांकाला भक्कम पाया दिला होता. नावावर वाद होऊ शकतो. क्रमांकावर वाद होण्याचे कारण उरत नाही.

मग शाळेने काय करावे?

संगणकाची माहिती असलेली अनेक माणसे यावर एक सोपा उपाय सांगतात. ते म्हणतात, फाईलींची नावे इंग्रजीत ठेवा, लहान ठेवा, रिकामी जागा सोडू नका. हा सल्ला सोयीचा आहे, पण मला तो पटत नाही. पहिले कारण असे की, ‘दौलत~१’चा घोळ इंग्रजी नावांतच झाला होता, हे आपण आताच पाहिले. इंग्रजीत लहान-मोठ्या लिपीचा आणखी एक घोळ आहे. काही व्यवस्था दोन्ही लिप्यांतले नाव एकच मानतात आणि काही वेगळे मानतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ज्या मुलाने ‘पायऱ्या’ लिहिले, त्याने यंत्राच्या सोयीसाठी आपली लिपी सोडावी, हे उलटे झाले. पाय कापून जोडा बसवू नये. जोडा पायाच्या मापाचा करावा.

खरा उपाय आपल्या शाळांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शाळेत प्रवेश घेतल्याबरोबर तुमचे नाव जनरल रजिस्टरमध्ये लिहिले जाते आणि तुम्हाला एक क्रमांक मिळतो. वर्ग बदलला, तुकडी बदलली, हजेरीपटावरची जागा बदलली तरी हा क्रमांक बदलत नाही आणि तो दुसऱ्याला दिला जात नाही. एका शाळेत सुनीता पाटील नावाच्या चार मुली असोत, दाखल्यावरचा रजिस्टर क्रमांक पाहिला की लेखनिक नेमक्या ओळीवर बोट ठेवतो. कागदाच्या काळातील ही शिस्त आपण संगणक आल्यावर सोडून दिली आणि सगळी भिस्त नावावर टाकली, ही माझी तक्रार आहे.

म्हणून प्रत्येक शाळेने, आणि घरी संगणक असलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने, चार गोष्टी कराव्यात असे मला वाटते.

पहिली, प्रत्येक फाईलला एक साधा चढता क्रमांक द्यावा आणि फाईलचे नाव म्हणून तोच वापरावा. या क्रमांकात वर्ग, गाव किंवा विषय कोंबू नये. ज्या क्रमांकाला अर्थ असतो, तो अर्थ बदलताच खोटा ठरतो. रेल्वेच्या संकेताचे तेच झाले.

दुसरी, एक सूची करावी. तीत क्रमांकापुढे पूर्ण मराठी नाव, हवे तेवढे लांब, बिनदिक्कत लिहावे. जुनी नावेही त्याच ओळीत ठेवावीत. मेंढा तोफ आणि किलाशिकन, देवगिरी आणि दौलताबाद, ही एकमेकांना खोडून टाकण्यासाठी नसून शेजारी शेजारी बसण्यासाठी आहेत. जुने नाव पुसले की जुना कागद मुका होतो.

तिसरी, ही सूची त्याच बॅकअपमध्ये ठेवावी आणि तिची एक छापील प्रत कपाटात ठेवावी. सूचीशिवाय क्रमांक म्हणजे किल्ली हरवलेले कुलूप. क्रमांकाची ही उणीव मी नाकारत नाही. ती भरून काढणे आपल्या हातात आहे, एवढेच म्हणतो.

चौथी, माहिती हलवल्यावर ताळा करावा. हिशेबात आपण ताळा करतो तसाच. ४३१००१ या संख्येतील आकड्यांची नुसती बेरीज ९ येते. पहिले दोन आकडे उलटे लिहून ३४१००१ केले तरी बेरीज ९ च राहते, म्हणजे चूक पकडली जात नाही. आता प्रत्येक आकड्याला त्याच्या स्थानाने गुणून बेरीज करा. पहिल्या संख्येसाठी ४ + ६ + ३ + ० + ० + ६ म्हणजे १९ येतात आणि दुसरीसाठी ३ + ८ + ३ + ० + ० + ६ म्हणजे २० येतात. चूक सापडली! संगणकात याच कल्पनेचे फार बळकट रूप वापरतात. संपूर्ण फाईलमधील मजकुरावरून एक मोठी ताळ्याची संख्या काढली जाते. मजकुरात एक काना जरी बदलला तरी ती संख्या बदलते. नाव बदलले तर मात्र बदलत नाही, कारण नाव मजकुराचा भाग नाही. हलवण्यापूर्वीची आणि हलवल्यानंतरची ताळ्याची संख्या सूचीत लिहून ताडून पाहिली की दोन ‘पायऱ्या’ एकच आहेत किंवा ‘दौलत~१’ भलताच आहे, हे क्षणात कळते.

यासाठी खर्च किती? सूचीसाठी एक वही आणि आठवड्यातील एक तास. ताळ्याची संख्या काढणारे कार्यक्रम बहुतेक संगणकांवर आधीपासूनच असतात. विज्ञान मंडळाच्या दोन विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घेतले तर शिक्षकांवर फारसा भार पडणार नाही, आणि त्या विद्यार्थ्यांना अंकगणित, लिपी आणि इतिहास हे तिन्ही विषय एकाच वेळी शिकता येतील.

बॅकअप घेतला म्हणजे काम झाले, असा एक समज सर्वत्र दिसतो. नव्या ठिकाणी प्रत्येक वस्तू सापडते, आणि जी सापडते ती तीच आहे, याची खात्री होईपर्यंत काम झालेले नसते. नावे माणसांची आहेत. ती प्रेमाने ठेवली जातात, अभिमानाने बदलली जातात, आणि तसे होतच राहणार. त्यांच्यावर ओळखीचा सगळा भार टाकणे हा नावांवरही अन्याय आहे. तो भार क्रमांकावर टाकावा आणि नाव मोकळेपणाने, आपल्या लिपीत, पूर्ण लिहावे. या महिन्यात आपल्या शाळेच्या संगणकातील एखादा जुना संग्रह उघडा, त्यात किती फाईली आहेत ते मोजा, आणि सूचीची पहिली ओळ लिहून टाका.